सायकलवर न बसण्याचा संकल्प

चहा येऊ द्या आधी. हा किस्सा कोरड्या तोंडानं सांगण्यासारखा नाही. तुमी हसून हसून लोळसान, अन् मी बसीन तोंड लपवत. तरी सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकसान तं त्यात आणखी मीठमिरची राहील.

भंडाऱ्यात सायकल म्हटली का लोकं माझं नाव घेतात. शालिकभाऊ! सायकल मंडळाचा शालिकभाऊ! रॅली निघाली का शिट्टी वाजवणारा मी, वळणावर लाल झेंडी घेऊन उभा राहणारा मी, चढावर “शाबास! आलंच, आलंच!” म्हणून ओरडणारा मी. केळी मी आणतो, लिंबूपाणी मी बनवतो, हवा मी भरतो. एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर आहे मी, त्यामुळे लिंबूपाणी असं मोजूनमापून बनवतो का डॉक्टरनं पेशंटले द्यावं. माझ्या लग्नाच्या वाढदिवशी बायको ढोकळा करून वाट पाहत बसली होती, अन् मी लाखनीच्या वळणावर झेंडी हालवून राहिलो होतो. इतकी सेवा! इतकी वर्षं!

अन् मले सायकल चालवता येत नाही.

हसा. हसून घ्या एकदाचे. झालं?

आता तुमी म्हणसान, हे कसं काय? तं ऐका. मी मूळचा सिहोऱ्याचा. आमच्या घरी बाबाची एक काळी सायकल होती, माझ्याहून उंच. सारे पोट्टे दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकले. मीही पाय घातला. सायकल निघाली ती थेट गावच्या बोडीत! पावसाचं पाणी साठवून धानाले देतात ना, ते छोटं तळं, त्यात. म्हशी धुणाऱ्या एका बाईनं मले केसाले धरून बाहेर काढलं, अन् वरून दोन लगावल्या. तिथंच सायकलचा अन् माझा रामराम झाला. पुढं नोकरी लागली, लुना आली, मंग मोटरसायकल आली. सायकलवाचून माझं काही अडलं नाही.

मंग मंडळात कसा शिरलो? पोह्यासाठी!

गोंदिया वेगळा झाला तवाची गोष्ट. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, अन् तिकडच्या लोकायनं म्हणे सायकल मंडळ काढलं. खरं-खोटं मले माहीत नाही, पण आमचे वकीलसाहेब पेटले. “त्यायचं आहे अन् आपलं नाही? काही इज्जत आहे का नाही भंडाऱ्याची?” त्यायनं सभा बोलावली. सभेत तर्रीपोहे होते. मी पहिली प्लेट संपवून दुसरी घेऊन राहिलो होतो, तेवढ्यात वकीलसाहेबायची नजर माझ्यावर पडली.

“शालिकभाऊ, तुमी काय करसान मंडळासाठी?”

तोंडात पोहे. काय सांगू? म्हटलं, “मी व्यवस्था पाहीन.”

टाळ्या पडल्या. बस, तवापासून व्यवस्था पाहून राहिलो. सारे सायकलवर पुढं, मी मोटरसायकलवर मागं. सायकलवाल्याले मागं वळून पाहायले फुरसत कुठं असते? उलट लोकायले वाटे, बिचारा शालिकभाऊ, आपल्या सगळ्यायसाठी स्वतःची सायकल घरी ठेवून येते. केवढा त्याग! मी कवा नाही म्हटलं नाही. आपल्या त्यागाले आपणच कायले नाही म्हणायचं?

असं सारं गोडीत चालू होतं. मंग मंडळाले सुचलं का माझा सत्कार करायचा.

हॉल भरलेला. शाल, नारळ, हार, सारं झालं. मी मान खाली घालून, चेहऱ्यावर विनय आणून बसलो होतो. तेवढ्यात वकीलसाहेबायनं पडदा बाजूला सारला. मागं सायकल! लालभडक, गिअरवाली, हँडलले झेंडूची माळ.

“मंडळाकडून शालिकभाऊले भेट! या माणसानं आपल्यासाठी आयुष्यभर सायकलवर पाणी सोडलं. आता येत्या वर्धापनदिनाले भंडारा ते वरठी रॅलीचं नेतृत्व शालिकभाऊ करतील. सगळ्यात पुढं! स्वतः सायकलवर!”

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत माझी बायको मंदा बसली होती. पुऱ्या भंडाऱ्यात माझं हे गुपित ठाऊक असलेली तेवढी एकच, असं मी समजत होतो. ती पदर तोंडात कोंबून अशी हालत होती का बाजूच्या बायायले वाटलं, नवऱ्याचं कौतुक पाहून रडून राहिली.

घरी आल्यावर म्हणते, “अवो, आता?”

“आता काय?”

“सांगून टाका खरं. काही फाशी नाही देणार.”

“सांगून टाकू? वा! इतक्या वर्षायची इज्जत आहे माझी. उद्या रस्त्यानं जाईन तं लेकरं म्हणतील, तो पाहा सायकल न येणारा सायकलवाला. त्यापेक्षा फाशी बरी.”

“मंग शिका गपचूप.”

“या वयात?”

“मंग पडा.”

मी शिकायचं ठरवलं. पण कुठं शिकणार? भंडाऱ्यात प्रत्येक गल्लीत मंडळाचा एक तरी माणूस. मंग डोक्यात आलं, वरठी! तिथं स्टेशनच्या मागं एक मोकळं मैदान आहे, पहाटे तिथं कुत्रंही नसते. जागा पक्की झाली. आता मले सांगा, सायकल वरठीले न्यायची कशी? चालवता येत नाही. ऑटोत टाकावी तं ऑटोवाला स्टँडवर जाऊन सांगन. राहिला एकच मार्ग. सायकल हातात धरायची अन् पायी निघायचं.

भंडारा ते वरठी, पायी! कवा गेले काय? जाऊ नका. पहाटे निघालो तं वरठीले पोचेपर्यंत सूर्य चांगला वर आला. मैदानात पोचलो अन् तिथंच बसलो. पायात जीव नाही, पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. सायकलवर टांग टाकायची म्हटलं तं टांग वर कोण उचलणार? स्टेशनसमोर चहा प्यालो, घड्याळ पाह्यलं, शाळेची वेळ होत आलेली. सायकल फिरवली अन् पायी परत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शिकायले जाऊन राहिलो होतो, अन् न शिकता परत येऊन राहिलो होतो. मंदा म्हणे, “तुमी सायकल शिकून राहिले का सायकलले फिरायले नेऊन राहिले?” बायको आहे, बोलणारच. पण तुमी सांगा, दुसरा काही उपाय होता का?

त्या रस्त्यावर मले रोज गणवीर भेटे. हा आमच्याच मंडळातला. वरठीच्या कारखान्यात कामाले, रोज सायकलनंच जाणं-येणं. पहिल्या दिवशी त्यानं ब्रेक मारला.

“जय भीम, भाऊ! काय झालं, पंक्चर?”

“जय भीम. हो न बावा, पंक्चर.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “आजबी पंक्चर?”

“नाही, आज चेन.”

तिसऱ्या दिवशी तो उतरलाच. पठ्ठ्या पाने-पकडीची थैली घेऊन आला होता! “दाखवा भाऊ, मी करून देतो.” टायर दाबून पाह्यला, टणक. चेन फिरवून पाह्यली, गुळगुळीत. ब्रेक पाह्यले, बरोबर. मंग उभा राहून माझ्याकडं पाहू लागला.

“भाऊ, सायकल तं फस्क्लास हाये. मंग बसून काहून नाही राहिले तुमी?”

आता काय सांगू? तेवढ्यात बाजूनं एक ट्रक गेला, अन् गणवीर अन् मी दोघंही उडी मारून बाजूच्या धानाच्या बांधीत उतरलो. तिथं रस्त्याची कडा अशी तुटली होती का डांबर संपलं का एकदम खड्डाच. कारखान्यातले सायकलवाले रोज त्या खड्ड्यात उतरत अन् पुन्हा वर चढत. मले बहाणा सापडला! मी कडेकडं बोट दाखवलं अन् आवाज चढवला.

“बसू? या रस्त्यावर बसू? हे पाहा कडा! माणसं जीव मुठीत धरून चालवून राहिली अन् मी मजेत सायकलवर बसू? नाही बसत! जवालोक हे नीट होत नाही तवालोक नाही बसत मी सायकलवर!”

बोललो अन् माझं मलेच नवल वाटलं. काय जोरात बोललो होतो! गणवीरचे डोळे भरून आले. माझ्या पायाले हात लावला, अन् गेला. जाता जाता मागं वळून मोबाईल काढला, एवढंच मले दिसलं.

दुपारी शाळेत होतो तं खिशातला फोन थांबेचना. घरून मंदाचाही फोन. “अवो, तुमी काय केलं? ग्रुपवर पाहा!”

पाह्यलं. फोटो! उगवता सूर्य, सामसूम रस्ता, अन् मधात एकटा मी, हातात सायकल. खाली वकीलसाहेबायनं लिहिलेलं, “शालिकभाऊंचा संकल्प. वरठी रस्त्याची कडा दुरुस्त होईपर्यंत सायकलवर बसणार नाही. रोज पहाटे मूक पदयात्रा. या माणसापुढे आपण सारे खुजे.” त्याखाली हात जोडलेले, फुलं, मशाली, काय काय.

खरं सांगू? मी प्रयोगशाळेचं दार लावलं अन् नाचलो. वाचलो होतो ना मी! सायकलवर बसायचंच नाही! अन् तो रस्ता काही होत नाही. भंडाऱ्यातला माणूस आहे मी, आपले रस्ते मले माहीत नाहीत काय? म्हटलं, रिटायर होईपर्यंत चिंता नाही. तवा मले काय माहीत, पुढं काय वाढून ठेवलं आहे!

रविवारी सकाळी दार उघडलं तं समोर सारं मंडळ. सगळ्यायच्या हातात सायकली, अन् बसलेलं कोणीच नाही. वकीलसाहेब म्हणाले, “शालिकभाऊ, तुमी बसत नाही तं आमी कायले बसू?” निघालो सारे, पायी. मी पुढं. तिकडून गणवीर कारखान्यातली माणसं घेऊन आला, तेही सायकली ढकलत. रस्ताभर नुसत्या सायकली, अन् एकाही सायकलवर माणूस नाही. बांधीत रोवणीचा चिखल करणारा एक म्हातारा नांगर थांबवून ओरडला, “काहून रे? सगळ्यायच्याच एकदम पंक्चर झाल्या काय?”

पुढं पुढं तं कठीण होऊन गेलं. संकल्पवाल्या माणसाजवळ सायकल नको काय? बाजारात गेलो तं भाजीवाली विचारे, “भाऊ, सायकल कुठं हाये?” शाळेत गेलो तं मुख्याध्यापक विचारत. मोटरसायकल काढली तं शेजारी असा पाहे का जशी मी चोरूनच आणली. मंग काय करता? जिथं जाईन तिथं सायकल हातात. पायी. चपला झिजल्या, कंबर दुखू लागली. सायकल येत नाही म्हणून ज्याच्या जीवनात सायकल नव्हती, तो माणूस आता सायकलशिवाय दूध आणायलेही जाऊ शकत नव्हता.

एकोडीले साडूच्या पोरीचं लग्न होतं. एवढ्या दूर सायकल कुठं नेऊ? एसटीनं गेलो, मोकळ्या हातानं. उतरताबरोबर साडू म्हणते, “अन् सायकल?”

“राहिली घरी.”

त्याचं तोंड एवढंसं झालं. “भाऊ, मी पुऱ्या गावात सांगून ठेवलं होतं न! नवरदेवाकडच्यायलेबी सांगितलं!” मंग कोणाची तरी सायकल मागून आणली, पुसली, अन् माझ्या हातात देली. त्या लग्नाच्या अल्बममध्ये पाहा कवा. नवरी आहे, नवरदेव आहे, अन् प्रत्येक फोटोत बाजूले मी, सायकलचं हँडल धरून.

आता तुमाले वाटन, इथवर ठीक आहे, पाय दुखले पण इज्जत तं वाचली. मलेही तसंच वाटत होतं. अन् एका दिवशी गणवीर धावत आला.

“भाऊ! भाऊ! जिंकलो! रस्त्याचं काम लागलं!”

माझ्या हातून चहाची बशी खाली पडली. गणवीरनं मले मिठी मारली. त्याले वाटलं आनंदानं पडली.

सारा भंडारा खूश, अन् मी एकटा धास्तावलेला. काम लवकर झालं तं मी मेलो! मंग मी एक शक्कल लढवली. रोज सायकल घेऊन कामावर जाऊन उभं राहायचं, अन् खोड काढायची. “हा मुरूम नीट दबला नाही, पुन्हा रोलर फिरवा.” फिरवला. “इथं उतार बरोबर नाही, पाणी साचन.” त्यायनं पाणी ओतून पाह्यलं, अन् काय सांगू, खरंच साचलं! उखडलं, पुन्हा केलं. “कडेची पट्टी अरुंद आहे, दोन सायकली कशा जातील?” रुंद केली. मी म्हणे, काम लांबन. पण मी खोड काढली का बांधकाम खात्याचा साहेब घाबरून आणखी माणसं लावे. संकल्पवाला माणूस उभा आहे ना समोर! माझ्या अंगलटच आलं सारं. मी जितका आडवा आलो तितका तो रस्ता चांगला झाला. आजही जाऊन पाहा, पुऱ्या जिल्ह्यात तशी कडा नाही.

शेवटी काम संपलं. खोड काढायले काही राहिलंच नाही. मी गुडघे टेकून शोधली, पण नाही सापडली.

अन् तो दिवस आला. मंडप, बँड, कारखान्यातली माणसं, त्यायच्या बाया, शाळेची पोरं. वरठीकडं तोंड करून माझी लालभडक सायकल उभी. संकल्प सुटणार होता. शालिकभाऊ सायकलवर बसणार होते, सगळ्यायसमोर. मले भाषण करायले सांगितलं तं मी बोलतच राहिलो. सायकलचा शोध कसा लागला तिथून सुरू केलं, चाकावर आलो, रबरावर आलो. लोकं जांभया देऊ लागले. म्हटलं, कंटाळून जातील घरी. कोणी गेलं नाही. मंदा समोरून हातानं खुणावून राहिली होती, आता बसा, आता बसा. तिलेच मजा येऊन राहिली होती.

माईक काढून घेतला माझ्याजवळून. माझ्या गळ्यात हार. मी सायकलजवळ गेलो, हँडल धरलं, अन् माझा धीर सुटला. वकीलसाहेबायच्या कानात म्हटलं, “साहेब, माफ करा. मले सायकल येत नाही.”

वकीलसाहेब लोकायकडं पाहून हसत हसतच माझ्या कानात म्हणाले, “मालूम हाये. बसा. डावीकडून गणवीर धरते, उजवीकडून मी. तुमी फक्त हात हलवा.”

मले काही समजेपर्यंत दोघायनं मले उचलून सीटवर ठेवलंसुद्धा. बँड सुरू झाला. सायकल चालू लागली. एका बाजूनं वकीलसाहेब धावत, दुसऱ्या बाजूनं गणवीर, अन् मधात मी, नवरदेवासारखा, हात हलवत.

“कवापासून मालूम हाये तुमाले?” मी दातावर दात ठेवून विचारलं.

“पहिल्याच वर्षापासून.”

“कोणाकोणाले?”

“सगळ्यायले,” गणवीर धापा टाकत बोलला. “पुऱ्या मंडळाले.”

“मंग ही सायकल कायले देली मले?”

“म्हटलं, लाजेकाजेनं तरी शिकसान,” वकीलसाहेब म्हणाले. “अन् तुमी शिकायले चालत चालत वरठीले गेले!”

“अन् तो संकल्प? तो फोटो?”

“गणवीरनं फोटो पाठवला न मले, तवाच मी म्हटलं, हाच माणूस पाहिजे होता. अवो शालिकभाऊ, या रस्त्यासाठी आमी काय काय नाही केलं? उपोषण केलं तं आमचा माणूस संध्याकाळी भजे खाताना सापडला. सायकल सोडतो म्हणणारा सायकलवाला चार दिवसात पुन्हा बसलेला दिसे. आमाले असा माणूस पाहिजे होता, का ज्याच्या मनात कितीही आलं तरी त्याले बसताच आलं नाही पाहिजे. तुमच्याएवढा पक्का माणूस पुऱ्या जिल्ह्यात दुसरा कोणी होता काय?”

गणवीर हसू लागला. हसता हसता त्याचे हात हालत, अन् त्याच्याबरोबर सायकलही हाले. म्हणजे इतकी वर्षं मी लोकायले बनवून राहिलो असं मी समजत होतो, अन् लोकंच मले बनवून राहिले होते! पायी चालवलं, लग्नात उभं केलं, रस्ता करून घेतला! असा राग आला मले, असा राग आला, का डोक्यात जाळ झाला. समोर सारा रस्ता मोकळा, मागं सारा भंडारा टाळ्या वाजवत, अन् हे दोघं मले लहान लेकरासारखं धरून!

मी जोरात ओरडलो, “सोडा माझी सायकल! मले नाही पाहिजे कोणाचा आधार! सोडा म्हणतो ना!”

आता मंडळात माझा शब्द कोणी कवा मोडला नव्हता. त्यायनं तवाही नाही मोडला.

सोडली.